गूगलवर माझं नाव टाकलं की मोबाईल नंबर आणि जन्मतारीख दिसते. ती काढून घेता येईल का?

नंबर बहुतेक निघेल. मात्र ही माहिती कुठल्या तरी साईटवर आहे, गूगल फक्त तिकडे बोट दाखवतंय. गूगलने निकाल काढला तरी मूळ पान राहतंच आणि दुसऱ्या सर्च इंजिनवर सापडतं. म्हणून आधी साईटवाल्यांच्या मागे लागा.

माझ्या आतेबहिणीचं असंच झालं. एका संस्थेने निवड यादीची पीडीएफ वेबसाईटवर टाकली होती: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाईल, सगळं उघडं. भरती कधीच उरकली, यादी तिथेच. ईमेल केला, "काढून टाकले आहे" असं उत्तर आलं. बघतो तर सूचनांच्या पानावरची लिंक तेवढी काढलेली. पीडीएफ सर्व्हरवर जशीच्या तशी, थेट पत्ता टाकला की उघडायची. तो पत्ता ईमेलात चिकटवून "फाईलच डिलीट करा" असं स्पष्ट लिहिलं, तेव्हा कुठे ती गेली. त्यामुळे उत्तरावर विसंबू नका, स्वतः उघडून बघा.

फाईल गेली तरी गूगलवर तिच्यातल्या दोन ओळी काही काळ दिसत राहतात. त्यासाठी कालबाह्य मजकूर काढण्याचा वेगळा अर्ज आहे. पण फाईल अजून उघडत असेल आणि नंबर तिच्यात असेल, तर तो नामंजूर होतो.

साईटवाले दादच देत नसतील तर गूगलचा वैयक्तिक माहिती काढण्याचा अर्ज भरा. फोन, घरचा पत्ता, ईमेल, बँक खातं, सहीचा फोटो हे त्यात बसतं. नुसत्या जन्मतारखेवर काम होणं कठीण, तेव्हा भर नंबरवर द्या. लिंक त्या पानाची द्यायची, सर्चच्या पानाची नाही. काय शोधल्यावर दिसतं, हेही ते विचारतात. तिथे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, जितक्या स्पेलिंगनी लिहिलं जातं तितक्या तऱ्हांनी टाका, कारण कधीकधी पान फक्त त्या नावाच्या शोधातूनच वगळलं जातं.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि महत्त्वाच्या तरतुदींना त्यानंतर दीड वर्षाची मुदत. शिवाय कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे. बातमी किंवा कोर्टाचं निकालपत्र काढायचं तर बहुधा कोर्टातच जावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एकाला तसा अंतरिम दिलासा दिलाही होता, पण तो भरवशाचा रस्ता नव्हे.

आणि हो, कोणी धमकावत असेल किंवा खासगी फोटो टाकले असतील तर काढायला सांगण्याआधी तारीख आणि लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा.