कोणी ठरवलं, हे आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. हिशेबाचा तक्ता चोख आहे, पॅनलचे दर उतरलेत, सौर विजेचं युनिट तीन रुपयांच्या आसपास बसतंय, आणि तरी ग्रामसभेने तुझ्या सौर प्रकल्पाला गायरान द्यायला नकार दिला. तू वैतागलास, इथवर ठीक. पण पुढे लिहितोस, ‘मला या राजकारणात पडायचं नाही. मी बॅटरीच्या संशोधनाकडे वळतो. तंत्रज्ञान पुरेसं स्वस्त झालं की कुणी अडवू शकणार नाही.’ अरे, इतकी सबस्टेशनं पालथी घातलेल्या मुलाकडून मी हे ऐकायचं?

स्वस्त झालं ते आपोआप झालं का? सिलिकॉनचा सौरघट 1954 सालचा. तो उपग्रहांवर गेला, पण जमिनीवर दशकानुदशकं चैनीची वस्तूच राहिला. मग 2000 साली जर्मनीच्या संसदेने कायदा केला: छतावरून वीज देईल त्याला युनिटमागे 99 फेनिग (म्हणजे जवळजवळ एक मार्क, तेव्हाचं जर्मन चलन), आणि तो दर वीस वर्षं हलणार नाही. हर्मान शीर, हान्स-योसेफ फेल अशा खासदारांनी तो रेटून नेला. जादा पैसे लोकांनी बिलातून भरले. त्या मागणीच्या भरवशावर कारखाने उभे राहिले, आधी तिथे आणि नंतर प्रचंड प्रमाणात चीनमध्ये, सरकारच्या पाठबळावर. आपल्याकडे सौर अभियान सुरू झालं 2010 मध्ये. तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर होता युनिटला 17.91 रुपये. 2017 मध्ये राजस्थानात भडल्याच्या सौर प्रकल्पाला 2.44 रुपयांची बोली लागली. तुझ्या तक्त्यातला आकडा या सगळ्यातून आलाय. कोणीतरी ठरवलं, म्हणून आला.

उलटं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याला चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन ये. त्या पवनचक्क्या नुसत्या वाऱ्यावर उभ्या राहिल्या असं वाटतं का तुला? कंपन्यांना प्राप्तिकरात वेगवान घसाऱ्याची सवलत होती, म्हणजे यंत्राची बरीचशी किंमत सुरुवातीलाच खर्च दाखवून कर वाचवता यायचा, तिच्यावर राहिल्या. 2012 मध्ये केंद्राने ती सवलत काढली. आदल्या वर्षी देशात सुमारे 3,200 मेगावॉट पवनऊर्जा उभी राहिली होती, पुढच्या वर्षी ती 1,700 वर आली. वारा तोच, यंत्रं तीच, इंजिनिअरही तेच. 2014 मध्ये सवलत परत दिली. मधल्या काळात किती चांगली पोरं ते क्षेत्र सोडून गेली, ती कुठल्याच आकडेवारीत दिसत नाहीत. तूही आता त्यांच्याच वाटेने निघालायस.

आता तुझ्या गावाकडे येते. रब्बीत शेतीच्या फीडरला, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाहिनीला, मोटार चालवणारी थ्री फेज वीज रात्रीची का असते? काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे रोटेशन तुला पाठ आहे. पण कधी विचारलंस, कोणी ठरवलं? कोळशाचा संच रात्री बंद करता येत नाही आणि शहर-कारखान्यांची मागणी तेव्हा उतरते. मग उरलेली वीज कुणाच्या गळ्यात मारायची? ज्याचा आवाज पोचत नाही त्याच्या. म्हणून माणूस मध्यरात्री टॉर्च घेऊन गव्हाला पाणी द्यायला जातो, विंचू-काट्यातून, आणि जुन्नरकडे तर बिबट्याच्या भीतीत. झोपमोड नको म्हणून तो स्टार्टरला ऑटो लावतो. वीज आली की साऱ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळते. मग महाविद्यालयात शिकून आलेले आपण ‘शेतकऱ्यांना शिस्त नाही’ म्हणून मोकळे! ऑटो लावणं ही बेशिस्त, आणि रात्रीची वीज हा निसर्गनियम, असं कसं रे?

गुजरातने 2003 नंतर ज्योतिग्राम योजनेत शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे केले, म्हणजे शेताची वीज घरांपासून वेगळी, ठरल्या वेळी देता येते. त्यात नवं तंत्रज्ञान कुठलं होतं? खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर. लागला तो निर्णय. आपल्याकडे शेतीचे फीडर सौर विजेवर चालवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि काही वर्षं रांगत राहिली. जमीन मिळेना, आणि मिळाली तर भाडं परवडेना. 2023 मध्ये दुसरा टप्पा आला, त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आणि सरकारी जमीन नाममात्र दराने खुली झाली. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथे दिवसा मोटारी चालू लागल्या. 2017 च्या आणि आजच्या पॅनलमध्ये फरक आहे, नाही म्हणत नाही. पण धोंदलगाव पॅनलने आणलं नाही.

मग म्हणशील, सरकारने ठरवलं तरी माझं गाव का अडलं? तर ठरवणं मुंबईत संपत नाही म्हणून. गायरान तुझ्या नकाशावर ‘पडीक’ आहे. तिथे कुणाची मेंढरं चरतात, कुणी भूमिहीन दोन पिढ्या कसतोय, कुणाचं सरपण तिथूनच येतं. त्या माणसांना तू भेटलास का? पत्रात त्यांचा एक शब्द नाही, तक्ता मात्र तीन पानांचा. पोलीस बंदोबस्तात कुंपण घालणं म्हणजे राजकीय इच्छाशक्ती, असं समजणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. ती इच्छाशक्ती नव्हे, आणि तसली कुंपणं टिकतही नाहीत.

माझ्याबद्दल तू काय ऐकलं असशील मला माहीत आहे. ‘बाई भांडखोर होत्या, नाहीतर वर गेल्या असत्या.’ असतील. वीजदरवाढीच्या जनसुनावणीत नोकरीत असताना प्रश्न विचारले, म्हणून वरिष्ठांनी आडबाजूच्या कार्यालयात धाडलं. त्याचं दुःख नाही. खंत आहे ती तिथे माझ्याबरोबर उभं राहायला दुसरा इंजिनिअर नव्हता याची. सगळ्यांना कळत होतं, सगळे चहा घेताना बोलायचे आणि सभागृहात गप्प. बोलून काय होतं, असं विचारू नकोस. 2019 मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर विजेच्या नेट मीटरिंगवर, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्यावर, मर्यादा घालणारा मसुदा आणला. ग्राहकांनी, संघटनांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं. तिथेही कोणी ठरवलं? आयोगाने, पण समोर माणसं होती म्हणून.

बॅटरी कर, जरूर कर. साठवण लागणारच आहे, संध्याकाळी सूर्य मावळतोच. फक्त पळून जायचं म्हणून करू नकोस. उद्या तुझी बॅटरी तयार झाली की ती सबस्टेशनला कोण बसवणार, तिचा दर कोण मंजूर करणार, पैसे कुणाच्या बिलात जाणार, हे प्रश्न तिथेही दाराशी उभे असतील.

आता काम. पुढच्या ग्रामसभेआधी मेंढपाळांच्या वस्तीवर जा, आणि लॅपटॉप नेऊ नकोस. गावच्या वायरमनला सोबत घे, डीपी कितीदा जळते ते त्याच्या तोंडून ऐकू दे. सगळं गायरान मागू नकोस, चराईची वाट सोडून केवढं उरतं ते त्यांच्यासोबत फिरून मोज. ग्रामपंचायतीला योजनेतून अनुदान मिळतं, ते कशावर खर्च व्हावं हे त्यांना ठरवू दे. आणि रात्रीच्या विजेबद्दल आयोगाला हरकत लिही, मराठीत, चार पानांच्या आत. पाठवण्याआधी मला दाखव. तुझी वाक्यं फार लांब असतात.

तुझी,
मावशी