ड्रॅग रेसच्या (सरळ ट्रॅकवर थोड्या अंतराची शर्यत) गाडीचा मागचा एक्सल तुटत कसा नाही? नुसतं जाड लोखंड घालतात का, आणि तेच रोजच्या गाडीत का नाही वापरत?

जाड असतंच, पण नुसत्या जाडीवर भागत नाही. आणि फार कडक स्टील घेतलं तर ते पहिल्याच झटक्यात कडकन जातं.

आधी लोड बघा. समजा इंजिनचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ८०० न्यूटन मीटर, पहिला गिअर २.४८, क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) ४.१०. एक्सलपर्यंत येईस्तोवर ८,१०० च्या वर गेला, आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) असेल तर सुरुवातीला अजून वाढतो. त्यात ट्रान्सब्रेक असेल तर गिअरबॉक्स आतून लॉक, इंजिन रेस केलेलं आणि बटण सोडलं की सगळा टॉर्क एकदम. साध्या रस्त्यावर चाकं जागच्या जागी फिरली असती, पण ट्रॅकवर चिकट कंपाउंड फवारलेलं असतं, स्लिक, म्हणजे बिननक्षीचा, टायर पकड सोडत नाही, मग सगळा मार एक्सलवर.

अमेरिकेत यासाठी सगळ्यात जास्त चालतं ते फोर्डचं ९ इंची, म्हणजे ९ इंची क्राऊन गिअरचं मागचं एक्सल. १९५७ ला आलं, कंपनीने बंद करून कित्येक वर्षं झाली तरी त्याचे पार्ट अजून नवे बनतात. माझ्या मते त्याची खरी कमाल पिनियनमध्ये आहे. बाकी बऱ्याच डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधला गिअरचा भाग) पिनियन एकाच बाजूने बेअरिंगवर धरलेलं असतं, लोड आला की ते क्राऊनपासून लांब ढकललं जातं, दात टोकावर टेकतो आणि उडतो. ९ इंचीत पिनियनच्या दुसऱ्या टोकालाही एक छोटं बेअरिंग आहे. पिनियन बरंच खाली बसवल्यामुळे घर्षणात थोडी पॉवर जाते, पण लोक ते चालवून घेतात.

शाफ्ट ४३४० सारख्या अलॉय स्टीलचे, २८-३१ च्या जागी ३५ किंवा ४० स्प्लाइनचे (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे लांब दाते). पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून १.३२ इंचावरून १.५ इंचावर गेलात की जवळजवळ दीडपट. आणि मधला गाभा फारसं काम करतच नाही, अर्ध्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन पाव कमी होतं आणि ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास घटते. चांगला शाफ्ट तुटायच्या आधी पिळतो, बाहेर काढला की सरळ स्प्लाइन तिरप्या गेलेल्या दिसतात. असा शाफ्ट परत घालायचा नाही म्हणजे नाही.

हौसिंगला, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाला, मागून आधाराची ब्रेस वेल्ड करतात, नाहीतर दोन्ही टोकं पुढे वाकतात. आणि ज्या एक्सलमध्ये शाफ्ट आतून फक्त सी-क्लिपवर (C आकाराची छोटी कडी) अडकवलेला असतो तिथे शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर येतो, म्हणून पाव मैल १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात मारणाऱ्या गाडीला एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था शाफ्ट वेगळ्या पद्धतीने धरून ठेवायला लावते. त्याहून भारी म्हणजे फुल फ्लोटिंग, आपल्या एसटीला असतं तसं, चाकाच्या मधले बोल्ट काढून शाफ्ट ओढून घ्या, चाक जागेवरच राहतं.

आता रोजच्या गाडीचं. ड्रॅगवाले वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल काढून स्पूल नावाचा घट्ट जोड घालतात, दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतात, म्हणजे प्रत्येक वळणाला आतलं चाक घासत जाणार आणि शाफ्टला उगाच पीळ बसत राहणार. गिअरही ९३१० स्टीलचे, झटका पचवतात पण पृष्ठभाग मऊ, हायवेला रोज चालवलेत तर लवकर झिजून आवाज करायला लागतील. तुमच्या गाडीला साधं लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल) बसवा आणि ८६२० स्टीलचे नेहमीचे गिअर राहू द्या.