सीएमईचे पॉइंट्स भरतात, पण प्रॅक्टिस बदलत नाही. मग फिजिशियनने शिकत राहायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की एमडी मेडिसीन होऊन नऊ वर्षं झाली, तालुक्याच्या गावी स्वतःचं हॉस्पिटल आहे, रोज साठ-सत्तरची ओपीडी आहे, सीएमईचे (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांचे) कौन्सिलला लागणारे पॉइंट्सही वेळेत भरलेत, तरी आपलं ज्ञान एमडीच्या वर्षातच थांबलंय असं वाटतं. मोठ्या कॉन्फरन्सला जावं का, पैसे भरून ऑनलाइन कोर्स करावा का, हेही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. ही खंत मला दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू झाली आणि तिच्यावर उपाय सापडायला पुढची आठ वर्षं गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पॉइंट्सचं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी ३० पॉइंट्स जमवायचे. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेतही ५ वर्षांत ३० तास एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे वर्षाला सहा तास. एवढ्यात मेडिसीनसारखा विषय आवाक्यात राहील, अशी कोणाचीच समजूत नसणार. ती कायद्याने ठेवलेली किमान हद्द आहे. ती पाळावी आणि पॉइंट्स भरले म्हणजे शिकून झालं, हा हिशेब मनातून काढून टाकावा.

मला हे कळलं ते एका पेशंटमुळे. निवृत्त गुरुजी, वय ७३, बीपी माझ्याकडेच चालू. हार्ट ॲटॅक नाही, लकवा नाही, अँजिओप्लास्टी नाही. तरी त्यांच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिनची ७५ची गोळी दहा वर्षं होती. मीच लिहिलेली, ‘असू द्या, रक्त पातळ राहील’ म्हणून. २०२०च्या जानेवारीत ते आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. “दम लागून राह्यला जी,” एवढंच म्हणाले. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. शौचाचं विचारलं, तर पंधरा दिवसांपासून डांबरासारखी काळी होत होती. हिमोग्लोबिन ६.४. दोन बाटल्या रक्त चढवून एंडोस्कोपीला पाठवलं, पोटात अल्सर निघाला. गुरुजी वाचले.

मला झोंबलं ते पुढचं. सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांना रोज ॲस्पिरिन देऊन काय होतं, हे पाहणारा ॲस्प्री नावाचा अभ्यास सप्टेंबर २०१८मध्ये प्रसिद्ध झाला होता. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, सरासरी पावणेपाच वर्षं. आयुष्य किंवा हिंडतं-फिरतं राहणं, कशातच फायदा नाही. मोठे रक्तस्राव मात्र वाढले. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. २०१९च्या सुरुवातीला एका सीएमईत मी याच विषयावरचं व्याख्यान ऐकलं होतं. मान डोलावली, सर्टिफिकेट घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसून गुरुजींची तीच चिठ्ठी पुढच्या तीन महिन्यांसाठी रिपीट केली. ऐकलेलं डोक्यात होतं, हातात उतरलं नव्हतं.

नंतर वाचताना लक्षात आलं की हे एकट्या माझ्या बाबतीत घडत नाही. १९९९ साली जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी सीएमईच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. चर्चा, केस, हाताने करून बघणं असेल तिथे पडला. २००५ साली ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसीनमध्ये आणखी एक आढावा आला. अनुभवाची वर्षं वाढतात तशी उपचारांची गुणवत्ता वाढते का, याचे ६२ अभ्यास त्यात तपासले होते. निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत ती घटताना दिसली. मी तो पेपर दोनदा वाचला. ‘अनुभवी डॉक्टर’ म्हणून गाव आपल्याला मान देतं; त्या मानाला जागायचं असेल तर हे माहीत असलं पाहिजे.

मग केलं काय? सगळ्यात आधी ओपीडीच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली. पेशंट समोर असताना जिथे मी अडखळतो, तो प्रश्न तिथल्या तिथे एका ओळीत लिहायचा. किडनीचा ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३८ आलाय, मेटफॉर्मिन चालू ठेवू का? दम्याच्या पेशंटला नुसत्या साल्ब्युटामॉलच्या पंपावर ठेवलं तर चालतं का? रात्री जेवणानंतर त्यातला एकच प्रश्न घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटं शोधायचा, उत्तर त्याच पानावर लिहायचं. (मेटफॉर्मिन ३०च्या खाली बंद, ३० ते ४५मध्ये नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून असेल तर डोस निम्म्यावर आणून लक्ष ठेवायचं. नुसता साल्ब्युटामॉल २०१९पासून जिनाच्या, म्हणजे दम्यावर सल्ला देणाऱ्या जागतिक संस्थेच्या, सल्ल्यात बसत नाही, सोबत इनहेल्ड स्टेरॉइड हवंच.) उत्तर विसरलं जात नाही, कारण ते एका चेहऱ्याला चिकटलेलं असतं. तो पेशंट पुढच्या महिन्यात पुन्हा येणार असतो.

शोधायला पैसे फार लागत नाहीत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं स्टँडर्ड्स ऑफ केअर दर जानेवारीत नवं येतं, फुकट. जिनाचा अहवाल फुकट. अँटिबायोटिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२चं अवेअर पुस्तक फुकट. आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो एकेका पानाचे आहेत आणि आपल्याकडे मिळणाऱ्या तपासण्या-औषधं धरून लिहिलेले आहेत. तालुक्याच्या डॉक्टरला ते फार उपयोगी. असोसिएशन ऑफ फिजिशियन्सचं जापी हे जर्नल तर आपलं घरचंच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची: महिन्यातून एकदा बैठक. ती गुरुजींच्या प्रसंगाआधीपासूनच चालू होती. आम्ही सहा जण आहोत. तीन फिजिशियन, एक बालरोगतज्ज्ञ, एक सर्जन आणि लॅबचे पॅथॉलॉजिस्ट. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गर्दी कमी असते, म्हणून तेव्हा रात्री नऊला बसतो. चहा असतो, औषध कंपनीचा एमआर नसतो. प्रत्येकाने एक केसपेपर आणायचा, शक्यतो जिथे आपण चुकलो किंवा अडकलो तो.

२०१८च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती, तेव्हाची गोष्ट. बैठकीत एका मित्राने मोबाईलवर फोटो दाखवला. काखेतली एक खपली. मध्ये काळी, कडेला लालसर कडं, सिगारेटचा चटका बसावा तशी. तो म्हणाला, ही दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. कपडे काढून शोधावी लागते. नवव्या दिवशी माझ्याकडे एक मावशी आल्या. निंदायला जाणाऱ्या, सहा दिवसांचा ताप, प्लेटलेट ७० हजार, लिव्हरच्या तपासणीतला एसजीओटी वाढलेला. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. आधीच्या वर्षी मी ‘व्हायरल’ म्हणून सलाईन लावून वाट पाहिली असती. या वेळी सिस्टरांना पडदा ओढायला सांगितला. मान, काखा, कंबरेची दोरी बांधतात ती जागा, काही नाही. डाव्या स्तनाखालच्या वळीत ती खपली होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मावशी म्हणाल्या, “दुखतच नव्हतं जी, म्हणून कोणाले सांगतलं नाही.” डॉक्सीसायक्लिन सुरू केली आणि दोन दिवसांत ताप उतरला. पुढे २०२३मध्ये भारतातल्याच हॉस्पिटलांत झालेली चाचणी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली: स्क्रब टायफस गंभीर असेल तर शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून द्यावं, एकट्यापेक्षा बरं. तो पेपर आम्ही बैठकीत ओळीने वाचला आणि डॉक्सीसायक्लिनचं इंजेक्शन कोणत्या मेडिकलवाल्याने आणून ठेवायचं, तेही त्याच रात्री ठरवलं. पेपर हातात उतरतो तो असा.

तिसरं काम कष्टाचं आहे, पण टाळू नका. स्वतःचेच केसपेपर काढून बघा. मी एका रविवारी मधुमेहाचे शेवटचे वीस पेपर काढले आणि चारच गोष्टी शोधल्या: पाय तपासले का, लघवीतलं अल्ब्युमिन केलं का, डोळ्याचा पडदा बघायला पाठवलं का, किडनीचा आकडा वर्षभरातला आहे का. पाय तपासल्याची नोंद वीसपैकी तिघांची होती. मी तर जाहीर व्याख्यानात पायांची काळजी घ्या म्हणून सांगत होतो! त्यावर उपाय साधा निघाला. मधुमेहाचा पेशंट आत येण्याआधी कंपाउंडरनेच चपला-मोजे काढून बसवायचं. पाय उघडे समोर आले की हात आपोआप मोनोफिलामेंटकडे (पायाची संवेदना तपासायच्या नायलॉनच्या धाग्याकडे) जातो. सहा महिन्यांनी पुन्हा वीस पेपर काढले, सोळांची नोंद होती. त्यातल्या एका शेतकऱ्याच्या तळव्यात बाभळीचा काटा रुतून पिकला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

आता कंपन्यांच्या सीएमईविषयी, कारण तुमच्याकडे येणारी निमंत्रणं बहुतेक तीच असणार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३च्या नियमांत औषध कंपन्यांचं प्रायोजकत्व असलेल्या अशा कार्यक्रमांत डॉक्टरांनी सहभागी होऊ नये असं लिहिलं होतं. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. मला ते नियम राहायला हवे होते. सगळी व्याख्यानं खोटी असतात असं माझं म्हणणं नाही. काही वक्ते मनापासून शिकवतात. पण विषय कोण निवडतो, हे बघा. गेल्या पाच वर्षांत मला नव्या गोळ्यांवरची कितीतरी निमंत्रणं आली. जुनी गोळी कधी थांबवावी, यावर एकही नाही. ॲस्पिरिन बंद करा म्हणून हॉटेलात जेवण कोण देईल?

गेलातच तर स्लाइडवरचे आकडे नीट वाचा. मधुमेह्यांना ॲस्पिरिन देण्याचा असेंड हा अभ्यासही २०१८चाच. हृदय-मेंदूच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५वर आल्या. स्लाइडवर हे ‘१२ टक्के घट’ म्हणून मोठ्या अक्षरात दिसतं. खरा फरक शंभरात एकाचा, तोही सात वर्षांहून अधिक काळ गोळी घेऊन. आणि मोठे रक्तस्राव ३.२वरून ४.१वर गेले, म्हणजे तिकडेही शंभरात जवळपास एक. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पेशंटशी काय बोलायचं ते आपोआप कळतं.

आणि निष्कर्ष अर्धा वाचू नका. जून २०२०मध्ये रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोविडमध्ये जीव वाचवतं हे दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. त्याच निकालात पुढचं वाक्य होतं: ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही. तरी दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, ९७ सॅच्युरेशनच्या मधुमेह्यांना पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड दिल्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. त्यातल्या दोघांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) होऊन एकेक डोळा गमवावा लागला. औषध तेच, वाक्य अर्धं वाचलेलं.

कॉन्फरन्सचं विचारलंत. ॲपिकॉनला (फिजिशियन्सच्या वार्षिक राष्ट्रीय कॉन्फरन्सला) दोन-तीन वर्षांतून एकदा जरूर जा, पण मोठ्या हॉलमधल्या व्याख्यानांपेक्षा कार्यशाळा धरा: इको, व्हेंटिलेटर, बेडसाइड अल्ट्रासाउंड. जिथे प्रोब तुमच्या हातात देतात तिथे बसा. ऑनलाइन कोर्स घ्यायचाच तर ज्यात केस सोडवाव्या लागतात आणि चुकलं तर का चुकलं ते समजावतात, तसाच घ्या. नावापुढे आणखी चार अक्षरं लागतील म्हणून पैसे भरू नका.

तुमच्या गावात फिजिशियन तुम्ही एकटेच असाल तरी बैठक अडत नाही. आमच्याकडे सर्वात जास्त शिकवलंय ते पॅथॉलॉजिस्टने. एकदा त्यांनी एका मुलीच्या रक्ताची स्लाइड आणली. अंगदुखी आणि सांधेदुखी म्हणून तीन डॉक्टरांकडे, माझ्याकडेही, फिरलेली ती मुलगी. मायक्रोस्कोपमध्ये कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या लाल पेशी सहाही जणांनी आळीपाळीने पाहिल्या. तिचं इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी) करून हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झालं, आणि तेव्हापासून या भागातल्या कोणाही तरुण पेशंटची वारंवारची हाडंदुखी आली की आम्ही सगळेच आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी लिहितो. तेव्हा तुमच्या लॅबवाल्या डॉक्टरांना, सर्जनला, ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरला या आठवड्यातच फोन करा. पहिल्या वेळी तिघं जमले तरी बसा, आणि पहिला केसपेपर तुमचा स्वतःचा ठेवा.