अकराला अंथरूण, अडीचला झोप

प्रश्न : माझे वय ३२ वर्षे आहे. गेल्या वर्षी एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणाऱ्या मेंदूच्या अवस्थेचे) निदान झाल्यापासून मी मिथिलफेनिडेटची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी घेतो. रात्री अकराला अंथरुणावर पडलो, तरी अडीचपर्यंत डोळा लागत नाही. सातचा गजर बंद करून पुन्हा झोपतो. रविवारी तर अकरापर्यंत गाढ झोपतो. घरचे याला आळस म्हणतात. हा गोळीचा परिणाम आहे का? झोपेचे औषध घ्यावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातला रविवारचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. अडीचला झोपून अकरापर्यंत गाढ झोप लागत असेल, तर तुमची झोप नाहीशी झालेली नसून पुढे सरकलेली असावी. मेंदूला रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक एडीएचडी असलेल्या अनेकांमध्ये उशिरा स्रवू लागते. त्यांच्या शरीराच्या लेखी अकरा ही अजून संध्याकाळच असते. याला आळस म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः संध्याकाळी सातला झोपून पाहावे.

म्हणून सुरुवात सकाळपासून करा. रविवार धरून रोज सातलाच उठा आणि उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, उजेडात घालवा. तूर्त रात्री अकराला आडवे होऊ नका, कारण तीन तास तळमळत पडल्याने अंथरूण आणि जागरण यांचीच सांगड पक्की होते. दीडला झोपा आणि झोप लवकर लागू लागली, की दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे या. या काळात दिवसा पेंग येत असेल, तर वाहन चालवू नका.

गोळीचा परिणाम साधारण ८ ते १२ तास टिकतो. उशिरा उठून तुम्ही ती साडेदहाला घेत असाल, तर तिचा अंमल रात्रीपर्यंत लांबू शकतो. उलट, काहींना औषध उतरतानाच अस्वस्थता वाढते, तर काहींना औषधामुळेच शांत झोप लागते. त्यामुळे मनाने बदल न करता, गोळीची, कॉफीची आणि झोपेची वेळ दोन आठवडे लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा.

‘एवढे संपवतो आणि उठतो’ म्हणत तासभर खुर्चीतच जात असेल, तर गजर खुर्ची सोडण्याच्या वेळेचा लावा, आणि तोही दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे बंद करायला उठावेच लागेल.

झोपेच्या गोळीने शरीराचे घड्याळ मागे येत नाही. मेलाटोनिन अल्प मात्रेत आणि झोपेच्या काही तास आधी घेतल्यास ते मागे सरकायला मदत होऊ शकते, मात्र मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. मोठ्याने घोरत असाल किंवा संध्याकाळी पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर तेही त्यांना सांगा. घोरण्यासाठी झोपेतला श्वसनाचा अडथळा तपासावा लागेल आणि पायांसाठी रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा.