चार अक्षरं टेबलावर चिकटली, त्यांचं काय करू?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटी बघते. दिवाळीनंतर बाहेरगावचे ट्रेनर आले आणि त्यांनी सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. माझं 'आयएसटीजे' आलं. त्यातला 'आय' म्हणजे अंतर्मुख. ती अक्षरं लॅमिनेट करून प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवलीत. तेव्हापासून साहेब मला बायरच्या व्हिडिओ कॉलला बसवत नाहीत. म्हणतात, "तुमचा पिंड नाही तो." खरंच नाही का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मीही बावीस वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, तेव्हा आधी माझी फजिती ऐका. ही एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) चाचणी मी दोनदा दिली. पहिल्यांदा जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. घरात अकरा पाहुणे, भाकऱ्या थापून हात दुखलेले, कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. आले अंतर्मुख. उन्हाळ्यात परत दिली, तर बहिर्मुख! मधल्या चार महिन्यांत माझ्यात काय बदललं होतं? फक्त पाहुणे गेले होते.

असं होतं, कारण बरीचशी माणसं मधेच कुठेतरी असतात आणि ही चाचणी बरोबर मधे सुरी फिरवते. एखाद-दोन उत्तरं इकडची तिकडे झाली, की अक्षर बदललं. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1921 साली मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती बेतली. तुमच्या साहेबांना एक मात्र जरूर सांगा : मायर्स-ब्रिग्ज फाउंडेशनच म्हणतं, की नोकरीवर घेताना किंवा कामं वाटताना ही चाचणी वापरू नये. आणि 'आय' म्हणजे बोलता न येणारी व्यक्ती, असं त्यात कुठेही नाही. गर्दीपेक्षा एकट्यानं विचार केला की तरतरी येते, एवढाच त्याचा अर्थ.

चाचणी अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी हातात आले तर मी नीट बोलते, हे मला त्या कागदामुळेच उमगलं. तेवढं स्वतःपुरतं घ्या.

साहेबांपुढे मात्र स्वभावावर वाद घालू नका, हराल. मालावर बोला. एखाद्या लॉटची शेड सॅम्पलपेक्षा फिकी आली, जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) कमी भरला, तर बायरच्या प्रश्नाला नेमकं उत्तर कोण देणार? तो लॉट ज्यानं हातात धरला, तोच ना! तुम्ही पकडलेल्या अशा दोन-तीन चुका तारखेसकट वहीतून काढा आणि म्हणा, "साहेब, पुढच्या कॉलला शेडचा भाग मी बोलते, बाकीचं तुम्ही बघा." दहा मिनिटंच मागा. दहा मिनिटांना सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि ते कार्ड नखानं खरवडू नका, सनमायका खराब होतो. रात्री कडांना खोबरेल तेल लावून ठेवा, सकाळी गोंद सुटतो.