नवऱ्याने इंदूरला घटस्फोटाची केस टाकली, मी मुलीसह नाशिकला आहे. केस कुठे चालेल?

मुलीच्या ताब्याचा अर्ज तुम्ही नाशिकला करू शकता, पण घटस्फोटाची केस सर्वोच्च न्यायालयाने हलवली नाही तर इंदूरलाच चालेल. हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ पत्नीला ती राहते तिथे अर्ज करू देतं, मात्र २१-अ नुसार नंतर टाकलेला घटस्फोटाचा अर्ज आधीच्या कोर्टाकडे जातो. म्हणून नवा अर्ज टाकण्याऐवजी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात केसच्या बदलीचा अर्ज करा. तोवर इंदूरच्या तारखा चुकवू नका, एकतर्फी निकाल लागू शकतो. ताब्यासाठी मूल नेहमी कुठे राहतं ते पाहतात. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड जपा. मुलीला नुकतंच आणलं असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो.