तुझ्या पत्रातल्या त्या ऑपरेटरचं नाव काय?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. पीसमधलं भोक, म्हणजे बोअर, जागा सोडून पडतं आणि पीस बाद होतात ते का, हे शोधायला तीन आठवडे तू दुसऱ्या पाळीला थांबलीस, एकेक पीस सीएमएमवर, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर, तपासून घेतलास, आलेख काढलेस. आणि रिव्ह्यूत तुझ्या मॅनेजरनं ‘आमच्या टीमनं बोअरचं रिजेक्शन थांबवलं’ एवढं म्हणून विषय संपवला. तुला लागलं. लागायलाच हवं. काम झालं ना, नावाचं काय घेऊन बसलीस, असं मी तुला म्हणणार नाही. केलेल्या कामाला आपलं नाव लागावं ही इच्छा रास्त आहे, आणि ते नाव परस्पर गाळणं हा अन्याय आहे.

पण त्याच पत्रात आणखी एक ओळ आहे. ‘एक ऑपरेटर म्हणाला होता की जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला पीस बघा.’ अगं, सगळं कोडं सुटलं ते या एका वाक्यानं! अर्धा तास मशीन बंद राहतं, टूल फिरवणारा स्पिंडल थंड होतो आणि मशीन पुन्हा तापेपर्यंतच्या दोन-तीन पीसमध्ये बोअरची जागा सरकते, हे तू मोजून दाखवलंस. ते श्रम तुझेच. पण बघायचं कुठे, ते त्यानं सांगितलं. मॅनेजरचं नाव तुझ्या पत्रात चार वेळा आलंय. त्याचं एकदाही नाही.

हे मी तुला सुनावण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः हेच केलंय, आणि त्याची किंमतही मोजलीय.

नव्वदच्या दशकात भोसरीतल्या एका कारखान्यात मी फिक्श्चर (मशीनवर पीस घट्ट धरणारी चौकट) डिझाइनला होतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं. चिप्स, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, नेमक्या पीस टेकतो त्या लोकेटिंग पॅडवर साचायच्या आणि पुढचा पीस केसभर तिरका बसायचा. मी हवेचे जेट वाढवले, पॅड लहान केले, काही उपयोग होईना. एका संध्याकाळी टूलरूममधल्या एका वयस्कर फिटरनं माझं ड्रॉइंग हातात घेतलं, आडवं होतं ते उभं केलं आणि म्हणाले, “साहेब, पीस असा उभाच धरला तर?” उभा धरला की चिप्स आपल्या वजनानं खाली पडतात. बस, एवढंच. (त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय ही हकिगत त्यांच्या नावानं लिहिणं मला बरं वाटत नाही. भेटशील तेव्हा सांगेन.)

फिक्श्चर झालं, ग्राहकाची माणसं बघायला आली. मी पंधरा मिनिटं बोललो. ‘मी असा विचार केला’, ‘मग माझ्या लक्षात आलं’. ते मागे उभे होते, कॉटन वेस्टनं बोटं पुसत. एकच बोट, पुन्हा पुन्हा. माझ्याकडे बघत नव्हते. ते बोट मला आजही दिसतं.

भांडण वगैरे काही झालं नाही. त्यानंतर मी काहीही विचारलं की उत्तर एकच, “तुम्ही सांगाल तसं करू, साहेब.” दोनेक महिन्यांनी माझ्या एका ड्रॉइंगमध्ये डॉवेलच्या (भाग नेमका जागेवर बसवणाऱ्या पिनच्या) भोकाचं माप चुकलं होतं. त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे भोक पाडलं. पूर्ण बेसप्लेट भंगारात गेली. तेव्हा मला कळलं की मी त्यांचं नुसतं नाव नव्हतं गाळलं, मला मिळणारं त्यांचं डोकंही घालवून बसलो होतो. माफी मागितली, पण फार उशिरा. “जाऊ द्या हो,” म्हणाले आणि चहा पाजला.

डीएनएच्या रचनेच्या शोधात रोझालिंड फ्रँकलिनवर अन्याय झाला, हे तू वाचलं असशील. तिच्या प्रयोगशाळेतला क्ष-किरणांचा ५१ क्रमांकाचा फोटो तिच्या नकळत १९५३च्या जानेवारीत वॉटसनला दाखवला गेला. १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं, त्याच्या चार वर्षं आधीच ती गेली होती. आज तिचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. पण तो फोटो १९५२च्या मे महिन्यात काढला तो तिच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या रेमंड गॉसलिंगनं. हे किती जणांना ठाऊक असतं? ज्याचं नाव गेलं, त्याच्या मागेही आणखी कुणीतरी उभं असतं.

म्हणून ‘टीम’ या शब्दापासून सावध राहा. ‘टीममुळे झालं’ म्हटलं की ऐकायला छान वाटतं, पण श्रेय कुणालाच पोचत नाही. नाव घ्यायचं आणि काम सांगायचं. सुट्टीनंतरच्या पीसवर बोट कुणी ठेवलं, मोजमाप कुणी केलं, सुट्टीनंतर मशीन आधी तापवून घ्यायचा वॉर्म-अपचा प्रोग्रॅम कुणी लिहिला. तीन माणसं, तीन वाक्यं. आणि हे त्याच्या पाठीवर थाप मारून एकट्याला सांगून भागत नाही. ज्याच्या शब्दावर त्याची पगारवाढ ठरते, कंत्राट वाढतं, त्याच्यासमोर सांगायचं. तुमच्या कायझेन शीटवर, म्हणजे सुधारणा नोंदवायच्या कागदावर, नावासोबत कर्मचारी क्रमांक लागतो, आणि कंत्राटी माणसाला तो नसतो, म्हणून नाव राहून गेलं, असंही होतं. मग शेऱ्याच्या जागेत पेनानं लिही. मात्र ज्यानं काहीच केलं नाही त्याचं नाव भिडेखातर घालू नकोस, त्यानं बाकीच्या नावांची किंमत जाते.

मॅनेजरचं म्हणशील तर भर मीटिंगमध्ये काही बोलली नाहीस ते बरं केलंस. एकटे असताना सरळ विचार, “पुढच्या रिव्ह्यूत मोजमापाचा भाग मी मांडू का?” पुष्कळदा तो निव्वळ घाईतला निष्काळजीपणा असतो. तुझं काम दुसऱ्याच्या नावावर पुन्हा पुन्हा जाऊ लागलं तर मला कळव, वेगळं बोलू.

आणि उद्या हा वॉर्म-अप अंगाशी आला, दहा मिनिटं वाया जातात म्हणून प्रॉडक्शनवाले ओरडले, तर? १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८०ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी पुढे केलं प्रकल्प सांभाळणाऱ्या अब्दुल कलामांना. कलाम ही आठवण आयुष्यभर सांगत राहिले. तेव्हा ओरडा झाला तर ‘ऑपरेटरनं सांगितलं म्हणून केलं’ हे वाक्य तुझ्या तोंडून येता कामा नये. निर्णय तुझा होता.

सोमवारी तुझी पहिली पाळी आहे ना? सुटल्यावर लगेच बस पकडू नकोस. दुसऱ्या पाळीची माणसं आत येतात तेव्हा त्या ऑपरेटरला गाठ. पूर्ण नाव विचार, वडिलांच्या नावासकट, आणि तो ते कसं लिहितो तेही त्याच्याकडूनच लिहून घे; कंत्राटदाराच्या हजेरीपटावर चुकलेलं असू शकतं. मग शीट भर आणि मला फोटो पाठव.

तुझा,
जुना सर